निमंत्रण सगळ्यांना, निर्णय सहा जणांचे

वाचकाचे पत्र, थोडक्यात : आमच्या शहरात आजवर एकदाही प्राइड मार्च झालेला नाही. यंदा तो व्हावा म्हणून आम्ही सहा जण एकत्र आलो. त्यांत पाच गे पुरुष आणि एक लेस्बियन मैत्रीण आहे. दोन महिने खपून आम्ही तारीख, मार्ग, घोषणा आणि व्यासपीठावरचे कार्यक्रम ठरवले, पोस्टर तयार केले आणि मग शहरातल्या इतर गटांना ‘सर्वांचे स्वागत आहे’ असा निरोप पाठवला. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या गटाकडून उत्तर आले, ‘कार्यक्रम तुमचा आहे. आम्हाला नाचायला बोलावताय का?’ स्त्रियांच्या एका गटाने उत्तरच दिले नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्या एकाने मार्गावरच्या पायऱ्यांबद्दल विचारले, त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आमच्यातल्या एकाचा आग्रह आहे की सर्वांनी साधे, नीटनेटके कपडे घालावेत, म्हणजे लोक आपल्याला लवकर स्वीकारतील. एक व्यावसायिक बराचसा खर्च उचलायला तयार आहे. त्याला बॅनरवर सर्वांत वर नाव आणि व्यासपीठावर भाषण हवे आहे. कार्यक्रमाला तीन महिने उरले आहेत. आम्ही दार उघडे ठेवूनही लोक येत नसतील, तर आमचे काय चुकले? पुढे जावे की रद्द करावे? आणि जाता जाता एक लहानसा प्रश्न : परवानगीच्या अर्जावर माझी सही असावी असे सर्वांचे म्हणणे आहे, पण माझ्या नोकरीच्या ठिकाणी माझ्याबद्दल कोणालाही ठाऊक नाही.

उत्तर :

दोन महिने राबून उभ्या केलेल्या आराखड्याला असे थंड उत्तर मिळाले की मन खट्टू होणारच. तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. तरीही दार उघडे ठेवले की आपले काम झाले, हे जे तुम्ही गृहीत धरले आहे, ते तपासून पाहावे असे मला वाटते. तुमचा निरोप इतर गटांच्या हाती पडला तेव्हा तारीख ठरलेली होती, मार्ग ठरलेला होता, घोषणा लिहून झाल्या होत्या आणि पोस्टरही तयार होते. त्यांनी ठरवावे असे एकच उरले होते, यायचे की नाही. तेवढे त्यांनी ठरवले.

ट्रान्सजेंडर गटाचे उत्तर तुम्हाला टोचले आहे, हे पत्राच्या सुरावरून कळते. मला मात्र आलेल्या सगळ्या प्रतिसादांत ते सर्वांत उपयोगाचे वाटले, कारण गप्प बसण्याऐवजी त्यांनी आपली शंका तुमच्यापुढे उघड ठेवली. तुमची कार्यक्रमपत्रिका पुन्हा एकदा उघडा आणि भाषणे कोणाच्या नावावर आहेत व नृत्य-गाणी कोणाच्या, हे पाहा. मनोरंजनाला हवे पण निर्णयाला नको, हा अनुभव ट्रान्स व्यक्तींना या चळवळीत फार जुन्या काळापासून आलेला आहे. न्यूयॉर्कमध्ये 1970 साली पहिला मार्च निघाला आणि 1973 साली, म्हणजे चौथ्याच वर्षी, ट्रान्स कार्यकर्त्या सिल्व्हिया रिव्हेरा यांना व्यासपीठावर चढण्यासाठी झगडावे लागले. तुरुंगात खितपत पडलेल्या आपल्या माणसांची आठवण तुम्हाला राहिलेली नाही, असे त्या बोलत होत्या आणि समोरच्या जमावातले अनेक जण त्यांची हुर्यो उडवत होते. ज्या चळवळीसाठी त्यांनी सुरुवातीपासून मार खाल्ला, तिच्याच सभेत हे घडले.

मान दिला म्हणजे वाटा दिला असेही होत नाही. कॅनडातल्या टोरांटोच्या 2016 सालच्या प्राइडमध्ये कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या ब्लॅक लाइव्हज मॅटर या संघटनेच्या तिथल्या शाखेला मानाचे स्थान देण्यात आले होते. त्याच संघटनेने मिरवणूक सुमारे अर्धा तास रस्त्यात थांबवली आणि आपल्या मागण्यांची यादी आयोजकांपुढे ठेवली. पोलिसांचे चित्ररथ नकोत ही मागणी सर्वांच्या लक्षात राहिली. पण त्याच यादीत सांकेतिक भाषेचे दुभाषी वाढवावेत अशीही मागणी होती, तिची चर्चा फारशी झाली नाही. त्या अडवणुकीची पद्धत योग्य होती की नाही यावर आजही दोन मते आहेत. मला त्यातून एवढेच दिसते की जे प्रश्न बैठकीच्या टेबलावर यायला हवे होते, ते तिथे न आल्यामुळे रस्त्यावर आले.

कपड्यांच्या आग्रहाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तुम्हाला तो किरकोळ मुद्दा वाटत असावा आणि मला तो मुळाचा वाटतो. तुमच्या मित्राचा युक्तिवाद नवा नाही. न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल बारवर पडलेल्या पोलीस छाप्याविरुद्ध जून 1969 मध्ये जो उठाव झाला, त्याच्याही आधीपासून, 1965 पासून 1969 पर्यंत दर वर्षी 4 जुलैला फिलाडेल्फियाच्या इंडिपेन्डन्स हॉलसमोर समलिंगी स्त्री-पुरुष शांतपणे फलक घेऊन निदर्शने करत असत. तिथे वेशाचा नियम कडक होता. पुरुषांनी कोट आणि टाय घालावा, स्त्रियांनी पोशाख बाईमाणसाला ‘शोभेल’ असा करावा. सरकारी नोकरीतून आपल्याला काढून टाकणाऱ्यांना आपण नोकरीला लायक दिसलो पाहिजे, असे त्यामागचे कारण होते, आणि त्या काळात एवढे करायलाही मोठे धैर्य लागत असे. पण 1969 च्या निदर्शनात, स्टोनवॉलच्या उठावाला जेमतेम आठवडा झालेला असताना, दोन स्त्रियांनी एकमेकींचा हात धरला आणि संयोजकांपैकी फ्रँक कॅमेनी यांनी पुढे होऊन तो सोडवला. क्रेग रॉडवेल यांना हे सहन झाले नाही. ही वार्षिक निदर्शने मुळात त्यांच्याच कल्पनेतून सुरू झाली होती, हे इथे लक्षात घ्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रॉडवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्रादेशिक परिषदेत ठराव मांडला की फिलाडेल्फियाची निदर्शने थांबवून जूनच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये मार्च काढावा आणि त्यात पोशाखाचे किंवा वयाचे कोणतेही बंधन असू नये. त्या ठरावातून 28 जून 1970 चा मार्च निघाला. आज जगभर ज्याला आपण प्राइड म्हणतो त्याच्या जन्माच्या कागदावरच वेशाचा नियम रद्द झालेला आहे.

तेव्हा तुमच्या मित्राला हे जरूर सांगा, पण त्याला मोडीत काढू नका. त्याच्या आग्रहामागे बहुधा भीती आहे. शेजाऱ्यांची, नातेवाइकांची, दुसऱ्या दिवशीच्या बातमीची. ती भीती खरी आहे आणि तिच्यावर उपायही आहेत, त्यांकडे मी पुढे येतो. मात्र साध्या कपड्यांचा नियम करून ती भीती तुम्ही कमी करत नाही, दुसऱ्याच्या माथी मारता. ज्याचे चालणे, बोलणे, अंगावरचे कपडे हीच त्याची ओळख आहे, त्याला ‘नीटनेटके’ व्हायला सांगणे म्हणजे घरी थांबायला सांगणे होय.

आता काय करावे? सर्वांत आधी पोस्टर थांबवा. तारीख आणि मार्ग अजून कोठेही जाहीर झाले नसतील तर ते तात्पुरते समजा. जाहीर झाले असतील तर ‘सर्व गटांशी बोलून अंतिम कार्यक्रम कळवू’ एवढी एक ओळ प्रसिद्ध करा. त्यानंतर ज्या गटांना निरोप पाठवला होता त्यांना दुसरा निरोप पाठवा. तो साधारण असा असू शकेल : ‘आम्ही सर्व ठरवून मग तुम्हाला बोलावले, हे बरोबर झाले नाही. तारीख, मार्ग, कार्यक्रमाचे स्वरूप, व्यासपीठ आणि पैसे हे पाचही विषय आम्ही पुन्हा खुले केले आहेत. तुमची इच्छा असेल तर आम्ही तुमच्याकडे, तुमच्या सोयीच्या वेळी येऊ आणि ऐकून घेऊ. तुम्हाला यंदा यात पडायचे नसेल तर तेही कळवा, आम्ही पुन्हा पुन्हा विचारणार नाही.’ शेवटचे वाक्य गाळू नका. नकार देण्याची मोकळीक असली तरच होकाराला किंमत येते, आणि ज्यांच्याकडे लोक केवळ शोभेसाठी येतात त्यांना ही मोकळीक क्वचित मिळते.

तुम्ही त्यांच्याकडे जा, असे मी मुद्दाम लिहिले आहे. बैठकीची जागा आणि वेळ ठरवणाऱ्याकडे अर्धी सत्ता आपोआप जाते. संध्याकाळी कामावर असणाऱ्या माणसाला तुमची संध्याकाळची बैठक बंदच असते. रात्री उशिरा एकटीने घरी परतणे जिला शक्य नाही तिलाही ती बंद असते. कोणी रोजच्या कमाईचे काम सोडून बैठकीला येणार असेल तर त्याचा प्रवासखर्च आणि शक्य असल्यास बुडालेली मजुरी देण्याची तरतूद करा, आणि ती मागावी लागू नये अशा रीतीने द्या. पुढच्या संयोजन समितीत प्रत्येक गटाच्या निदान दोन व्यक्ती असाव्यात, कारण एकट्या प्रतिनिधीवर संपूर्ण समुदायाच्या वतीने बोलण्याचे ओझे पडते आणि वाद झाला की ती एकटी पडते. तुमच्या सहा जणांची संख्या समितीत निम्म्याहून कमी होईल. ते स्वीकारायची तयारी आहे का, हा प्रश्न आधी आपसात सोडवून मगच बाहेर पडा. बैठकीत काय ठरले आणि काय अजून ठरायचे आहे, याचे दोन भाग करून इतिवृत्त त्याच रात्री सर्वांना पाठवा. कंटाळवाणे काम आहे, पण निम्मी भांडणे ‘हे कधी ठरले?’ या प्रश्नापासून सुरू होतात.

सर्वसमावेशक म्हणजे सर्वांचे सर्व मान्य करणे नव्हे. एखाद्या गटाला घोषणा तीव्र हव्या असतील, दुसऱ्याला सौम्य; एखाद्याला पोलीस अजिबात नकोत, दुसऱ्याला त्यांच्याशिवाय असुरक्षित वाटेल. अशा वेळी बहुमत मोजण्यापूर्वी या निर्णयाचा फटका कोणाला सर्वांत जास्त बसणार, हे विचारा आणि त्याच्या मताला जास्त वजन द्या. पोलिसांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. परवानगी आणि वाहतुकीसाठी त्यांच्याशी बोलावे लागेलच, परंतु ज्यांना पोलिसांकडून त्रास झालेला आहे त्यांना विचारल्याशिवाय बंदोबस्त कुठे आणि किती असावा याची चर्चा करू नका. गर्दी सांभाळायला आपले स्वयंसेवक जोडीजोडीने नेमा, त्यांना चिथावणीला उत्तर न देण्याचा सराव द्या, आणि एखादा वकील त्या दिवशी फोनवर उपलब्ध राहील अशी व्यवस्था करा. कार्यक्रम संपल्यावर लोक घरी कसे जाणार, हा विचार बहुतेक आयोजकांच्या डोक्यात येत नाही. जथ्यात असताना कोणी हात लावत नाही. पण अंगावरचा झेंडा घेऊन एकटा माणूस गल्लीत शिरतो तेव्हा धोका असतो. म्हणून चार-पाच जणांनी मिळून परतण्याची सोय आणि कपडे बदलायला जागा ठेवा.

मुळात मार्चच हवा का, हेही खुले ठेवा. रस्त्यावर चालणे ही ठसठशीत कृती आहे आणि तिला पर्याय नाही असे अनेकांना वाटते. परंतु पहिल्याच वर्षी ज्यांना ओळख उघड करणे परवडणार नाही त्यांच्यासाठी बंद सभागृहातला मेळावा, चित्रांचे किंवा पुस्तकांचे प्रदर्शन, गोष्टी सांगण्याची संध्याकाळ, आरोग्य आणि कायद्याविषयीचे मार्गदर्शन यांपैकी काहीतरी हवे. माझा कल छोटा मार्च आणि त्यानंतर सभागृहातला मेळावा अशा जोडीकडे आहे. ज्याला चालायचे नाही तो थेट सभागृहात येऊ शकतो आणि मार्चमध्ये होता की नव्हता हे कोणाला कळतही नाही.

पायऱ्यांबद्दल विचारणाऱ्या त्या गृहस्थांना समितीत घ्या, मात्र केवळ पायऱ्यांच्या विषयापुरते नव्हे. मार्ग ठरवण्याआधी व्हीलचेअर वापरणारी, काठी घेऊन चालणारी आणि वयस्कर माणसे अशा तिघाचौघांबरोबर तो एकदा प्रत्यक्ष चालून पाहा. फुटपाथची उंची, मध्येच संपणारा उतार, बसायला जागा नसलेला लांबलचक टप्पा, या गोष्टी नकाशावर दिसत नाहीत. मार्चच्या अग्रभागी सर्वांत सावकाश जाणाऱ्यांना ठेवा, म्हणजे पूर्ण जथ्याचा वेग त्यांच्या वेगाने ठरेल आणि मागे राहिलेल्यांना धापा टाकत पळावे लागणार नाही. सांकेतिक भाषेचे दुभाषी सहसा थोडे असतात, म्हणून तारीख पक्की होताच त्यांना विचारा. कार्यक्रम लांबणार असेल तर दोघे लागतात, कारण एकटा माणूस सतत हात चालवत राहू शकत नाही. सभागृहात कोणत्याही लिंगाची व्यक्ती वापरू शकेल असे स्वच्छतागृह आणि गोंगाट सहन न होणाऱ्यांसाठी एक शांत खोली हवी. पोस्टरवर ‘सर्वांचे स्वागत’ लिहिण्याऐवजी ‘मार्गावर पायऱ्या नाहीत, सभागृहाला रॅम्प आहे, दुभाषी आहेत’ असे लिहिले तर ज्याला यायचे आहे त्याला निर्णय घेता येतो.

छायाचित्रांचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या मित्राच्या भीतीचे मूळ मला तिथेच दिसते. फोटो चालेल आणि फोटो नको अशा दोन स्पष्ट रंगांच्या फिती प्रवेशाशी ठेवा. त्या दुरूनही दिसाव्यात. मार्चमध्ये एक भाग कॅमेऱ्यापासून मुक्त ठेवा आणि पत्रकारांना तो आधीच दाखवून द्या. चेहरा झाकून किंवा मुखवटा लावून येणाऱ्याला कोणी हटकू नये. स्वयंसेवकांनी स्वतः थेट प्रक्षेपण करू नये, छायाचित्रे दुसऱ्या दिवशी पाहून, मागच्या रांगेतले चेहरे तपासून मग प्रसिद्ध करावीत. रस्ता सार्वजनिक असल्यामुळे संपूर्ण हमी तुम्ही देऊ शकत नाही, आणि तसे निमंत्रणातच स्वच्छ लिहावे. इतके केल्यावर कपड्यांच्या नियमाची गरज तुमच्या मित्रालाही उरणार नाही, असा माझा अंदाज आहे.

प्रायोजकाविषयी माझे मत स्पष्ट आहे : पैसे घ्यावेत, अट घेऊ नये. आधी समितीने एक पानी धोरण लिहावे, त्यात कोणाकडून पैसे घ्यायचे नाहीत, नाव किती मोठे छापायचे, व्यासपीठ विकायचे नाही, एवढे असले तरी पुरे. मग ते धोरण त्या व्यावसायिकापुढे ठेवा. आपल्याकडच्या समलिंगी आणि ट्रान्स कर्मचाऱ्यांना तो कसे वागवतो, हे विचारायलाही संकोच करू नका. तो मागे हटला तर कार्यक्रम लहान करा. सभागृह, ध्वनिक्षेपक, पाणी, छपाई या गोष्टी अनेकांकडून थोड्या थोड्या वस्तुरूपाने मिळू शकतात आणि कोणा एकाचे नाव सर्वांत वर लावण्याची वेळ येत नाही. जमाखर्च कार्यक्रमानंतर सर्व गटांना दाखवा. पैशांबद्दलचा संशय पुढच्या वर्षापर्यंत टिकतो.

समुदायाबाहेरच्या संस्थांकडे, म्हणजे ग्रंथालये, शिक्षक, कामगार संघटना, आरोग्यसेवक, पालक यांच्याकडे जाताना आपण मागायला जातो आहोत या भावनेने जाऊ नका. ब्रिटनमध्ये 1984-85 च्या खाणकामगारांच्या संपात लंडनमधल्या समलिंगी स्त्री-पुरुषांच्या एका गटाने डबे फिरवून दक्षिण वेल्समधल्या संपकरी कुटुंबांसाठी पैसे गोळा केले. आपल्याला त्या बदल्यात काय मिळेल हे त्यांनी विचारले नव्हते. संप अयशस्वी झाला, तरी 1985 च्या लंडन प्राइडमध्ये खाणकामगार आपले बॅनर घेऊन अग्रभागी चालले, आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या परिषदेत समलिंगी हक्कांचा ठराव झाला तेव्हा खाणकामगार संघटनेची मते त्याच्या बाजूने पडली. उरलेल्या तीन महिन्यांत तुमच्या शहरातल्या एखाद्या गटाच्या कामाला तुम्ही सहा जण हजेरी लावू शकाल का? उत्तर न देणाऱ्या स्त्रियांच्या गटापासून सुरुवात करा. त्यांच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडायला आणि नंतर उचलायला जा. आपले पत्रक बरोबर नेऊ नका.

पुढे जावे की रद्द करावे, असे तुम्ही विचारता. दोन्ही करू नका. पुढच्या तीन आठवड्यांत बैठका घ्या आणि मग नव्या समितीला ठरवू द्या. ती म्हणेल की यंदा वेळ अपुरा आहे, तर तारीख पुढे ढकलण्यात कमीपणा नाही. ती म्हणेल की लहानसे काही करू, तर लहानसेच करा. कोलकात्यात 2 जुलै 1999 रोजी ‘फ्रेंडशिप वॉक’ या नावाने भारतातला पहिला मानला जाणारा जो प्राइड मार्च निघाला, त्यात पंधराएक माणसे होती. संख्येची चिंता पहिल्या वर्षी करू नये. आणि सर्व प्रयत्नांनंतरही एखादा गट नाहीच म्हणाला, तर त्याच्या नावाने बोलू नका, त्याची चिन्हे वापरू नका आणि पत्रकात ‘सर्व समुदायांच्या सहभागाने’ असे छापू नका. जे आले त्यांची नावे छापा.

तुम्ही ज्याला लहानसा प्रश्न म्हणालात, तो मला लहान वाटत नाही. अर्जावरचे नाव कचेरीतल्या कागदांत राहते, चौकशीसाठी फोन त्याच माणसाला येतो आणि काही बिनसले तर बातमीत त्याचेच नाव छापले जाते. नोकरीच्या ठिकाणी तुमच्याबद्दल ठाऊक नसताना ही सही तुम्ही करू नये. समितीतल्या इतरांना तुमची अडचण समजावून सांगा आणि ज्यांची ओळख आधीच उघड आहे अशा दोघातिघांच्या, किंवा नोंदणीकृत संस्थेच्या नावाने अर्ज करता येतो का, हे चौकशी करून ठरवा. पाठिंबा देणारा एखादा वकील किंवा पालकही अर्जदार होऊ शकतो का, हे त्याच वेळी विचारा. ज्याच्या नावाने अर्ज जाईल, त्याला त्या जबाबदारीत काय काय येते हे लेखी द्या आणि त्याच्या सोबतीला आणखी एक जण नेमा. तुमच्याकडे बैठकीची इतिवृत्ते आणि हिशेब ठेवण्याचे काम घ्या. त्यासाठी कोठेही नाव द्यावे लागत नाही, आणि तुमचे पत्र ज्या नेटकेपणाने लिहिले आहे त्यावरून ते तुम्हाला चांगले जमेल.